श्रीकार असलेला कागद देवळाबाहेर जात नाही

॥ श्री ॥

देह नाशवंत आहे असे कीर्तनात सांगितले जाते आणि आपण माना डोलावतो. कागद नाशवंत आहे असे मात्र आजवर एकाही बुवांच्या तोंडून मी ऐकलेले नाही. आणि मी कीर्तन चुकवणाऱ्यांतला नव्हे, हे खर्ड्यापासून जामखेडपर्यंत कुणालाही विचारावे. यावरून देहापेक्षा कागद टिकाऊ, आणि जे टिकाऊ तेच सांभाळण्याजोगे, हे उघड आहे. (जे आपोआप टिकते ते सांभाळायचे कशाला, असे काही लोक विचारतात. असे लोक कुठल्याच समितीवर नसतात.)

आमच्या गुंजेवाडीत समित्या पुष्कळ आहेत. गाव लहान, पाणी त्याहून कमी. पण समित्यांच्या बाबतीत आम्ही तालुक्यात कुणाला हार जाणार नाही. अखंड हरिनाम सप्ताह समिती ही सगळ्यांची आई. तिच्या पोटी मंडप समिती, पंगत समिती, वीणा-पहारा समिती, बुवांना आणणे-पोचवणे समिती आणि चपला समिती. (चपला समिती स्थापन झाल्यापासून चपलांची चोरी थांबलेली नाही, पण चोरीची नोंद फार व्यवस्थित होते.) सगळे काम सेवाभावाचे. कुणाला पगार नाही, त्यामुळे कुणी कुणाला काही बोलू शकत नाही. पगारी माणसाला काढता येते. सेवेकऱ्याला काढायचे तर नवी समिती नेमावी लागते, आणि तिच्यावर पहिला हक्क त्याचाच असतो.

समिती म्हटली की कागद आला. आणि आमच्याकडे कागद म्हटला की त्याच्या माथ्यावर श्रीकार आलाच. ‘॥ श्री ॥ पांडुरंग प्रसन्न. चहाची पावडर संपली आहे.’ ‘॥ श्री ॥ चपला समितीच्या बैठकीस कुणीही आले नाही, सबब बैठक खेळीमेळीत पार पडली.’ वर श्री काढल्याशिवाय लिहिणाऱ्याचा हात पुढे सरकतच नाही. पंगत समितीचे एक सभासद कुणाला मोबाईल नंबर लिहून द्यायचा झाला तरी आधी इतका ऐसपैस श्रीकार काढतात, की शेवटचे दोन आकडे समोरच्याला श्रद्धेने ओळखावे लागतात.

हे कागद पूर्वी दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीला जात. कुणाला काही वाटत नसे. अज्ञानात सुख असते ते असे.

मग एका मंगळवारी आमचे अध्यक्ष कानिफआबा खर्ड्याच्या बाजाराला गेले आणि भूक लागली म्हणून गाड्यावर कांदाभजी घेतली. भजी कागदावर होती. आबांनी ती चवीने खाल्ली, बोटे कागदाला पुसली, आणि कागद चुरगाळून टाकणार तोच तेलाने पारदर्शक झालेल्या त्या कागदातून त्यांना वर ‘॥ श्री ॥’ आणि खाली स्वतःची सही दिसली. मधे वीणा-पहाऱ्याची वाटणी होती. त्यांनी तो कागद आधी कपाळाला लावला, मग डोळ्यांना लावला (तिखटाने डोळे चुरचुरले, ते प्रायश्चित्त समजून सोसले) आणि टोपीत घालून गावी आणला. दुसऱ्या दिवशी कडक उपास. तिसऱ्या दिवशी बैठक.

बैठकीत ठराव झाला: ‘श्रीकार असलेला कोणताही कागद यापुढे देवळाच्या आवाराबाहेर जाणार नाही.’ ठराव एकमताने मंजूर झाला आणि ज्या कागदावर लिहिला त्याच्या माथ्यावरही श्रीकार असल्याने तो स्वतःच स्वतःचा पहिला लाभार्थी ठरला. भज्यांचा कागद दुसरा.

अंमलबजावणीसाठी दप्तर जतन उपसमिती स्थापन झाली. सचिव म्हणून अमृतराव. अमृतरावांनी सारी हयात एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. निवृत्तीनंतर त्यांना करमेना. घरी ते भाजीच्या पिशवीवर आवक क्रमांक टाकू लागले होते, म्हणून सूनबाईंनीच आबांना गळ घातली, की ‘मामंजींना देवळात काहीतरी काम द्या.’ अशी माणसे गावाच्या भाग्यात असावी लागतात. मी उपसमितीवर निमंत्रित सभासद. (निमंत्रित म्हणजे ज्याने चहाला यायचे आणि मताला यायचे नाही असा.)

कागदांचे करायचे काय, याचा उपसमितीने चोहोबाजूंनी विचार केला. वाहत्या पाण्यात सोडणे हा शास्त्रशुद्ध मार्ग. पण आमच्या ओढ्याला वाहते पाणी पाहिलेली माणसे आता हारात आहेत, भिंतीवर. मग टँकरचे पाणी नळीतून पडताना वाहतेच असते, असा मुद्दा निघाला. पण ते पाणी पुढे लोक पितात, आणि पंगत समितीच्या हरकती पिण्याची कुणाची तयारी नव्हती. जाळायचे तर श्रीकाराला काडी कोण लावणार? पुरायचे तर वरून कोण चालणार?

आबांची लेक सुकन्या शिकलेली. ती म्हणाली, “आबा, मग उद्यापासून वर श्री लिहायचंच बंद करा ना.”

आबांनी कानाला हात लावला. अमृतरावांनी ही सूचना तत्काळ नोंदवून घेतली. (माथ्यावर श्रीकार काढून.)

सुकन्येने हार मानली नाही. तिने महिनाभर बसून सगळ्या कागदांचे फोटो काढले, ते एका मोबाईलमध्ये भरले आणि म्हणाली, “आता सगळं यात आहे. कागदांचं काय करायचं ते करा.” उपसमितीने तिचे मनापासून कौतुक केले. मात्र एवढे श्रीकार पोटात असलेला मोबाईल मागच्या खिशात ठेवता येईना, कारण माणूस बसतो. पुढच्या खिशात ठेवता येईना, कारण माणूस कुठे कुठे जातो. अखेर मोबाईलला हळद-कुंकू वाहून तो कपाटात ठेवण्यात आला. त्याचे चार्जर शेजारी. चार्जरला आवक क्रमांक वेगळा.

कपाटे फैयाजने आणली. फैयाज म्हणजे आमच्या गावचा वेल्डर, आणि सप्ताहाचा स्पीकरवाला. त्याचे वडीलही स्पीकरवाले होते. बुवांचा घसा कोणत्या वरच्या पट्टीला बसणार हे त्यांच्या घराण्याला बुवांच्या आधी कळते. भिंगारच्या जुन्या बाजारातून तो टेम्पो भरून लोखंडी कपाटे घेऊन आला, वाकलेली दारे सरळ केली, रंग मारला. ती देवळाच्या सभामंडपात उत्तर, दक्षिण आणि पूर्व अशा तीन भिंतींना लावली. पश्चिमेला गाभारा, तिथे विठ्ठल-रखुमाई. त्यामुळे चारी बाजूंना पूज्य वस्तू आल्या आणि मंडपाला पूर्वी कधी नव्हती अशी शोभा आली.

आतले कागद किती वेळा पाहिले जातात याची उपसमितीने वर्षभर पाहणी केली. प्रमाण वर्षाला एक कागद असे पडले. तोही उंदीर शिरल्याचा आवाज आला म्हणून उघडला. उंदराने कागद खाल्ला होता, पण माथ्यावरचा श्रीकार शिल्लक ठेवला होता. ही नोंद आबा आजही पाहुण्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगतात. (नोंद दाखवता येत नाही. ती कोणत्या कपाटात आहे याची नोंद उंदराने खाल्ली.)

आता इथवर सर्व उत्तम चालले होते. अडचण आली ती माणसांची. समित्यांच्या कामात अडचण नेहमी त्याच बाजूने येते.

झाले असे, की दिवाळीनंतर हरिपाठाला एक म्हातारा दक्षिणेच्या कपाटाकडे पाय पसरून बसला. अमृतरावांनी त्याला हटकले. म्हाताऱ्याने पाय आवरले आणि कपाटाला टेकून बसला. म्हणजे श्रीकाराकडे पाठ. पुन्हा हटकले. तो फिरला, तर पाठ उत्तरेकडे. मग पूर्वेकडे. मग थेट विठ्ठलाकडे. म्हातारा जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरला आणि शेवटी उठून घरी गेला. त्यावर उपसमितीने दीर्घ चर्चा केली आणि पुढील निष्कर्ष काढला: माणसाला पाठ एकच असली तरी ती कुठेतरी असावीच लागते. सबब सभामंडपात माणसांनी बसणे यापुढे शक्य नाही.

हरिपाठ बाहेर आला. येत्या चैत्रातला सप्ताहही बाहेरच, देवळासमोर लोखंडी पाइप आणि ताडपत्रीचा मंडप घालून, असे ठरले. लोकांनी फार कटकट केली नाही. बाहेर वारा असतो, तंबाखूला मोकळीक असते, आणि कंटाळा आला तर उठून जाताना कुणाला दिसत नाही. सोयी पुष्कळ. फक्त छबूआत्याचे काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही.

छबूआत्या म्हणजे छबूबाई. गावची लेक, नवरा गेल्यावर माहेरी परत आली ती सगळ्या गावाची आत्या होऊन राहिली. वय विचारले तर ‘मोठ्या दुष्काळात मी कडेवर हुते’ एवढेच सांगते. कोणता दुष्काळ ते सांगत नाही. आमच्याकडे निवड करायला वाव आहे. तिचे कान आता पूर्ण गेले. समोर ओरडले तर ओठ वाचून उत्तर देते. पण सभामंडपात डाव्या बाजूचा दुसरा दगडी खांब आहे ना, त्याला पाठ लावून ती बसली, आणि खांबाच्या पलीकडे गहिनीनाथने पखवाजावर थाप मारली, की ती थाप फरशीतून खांबात आणि खांबातून आत्याच्या पाठीत येते. आत्या मान डोलावू लागते. बरोबर समेवर. मी स्वतः पाहिले आहे. बुवा काय सांगतात ते तिला ऐकू येत नाही, पण सगळे सांगून झाल्यावर जो गजर होतो तो तिला सगळ्यांच्या आधी कळतो. गेल्या साली काल्याच्या कीर्तनानंतर ती मला म्हणाली होती, “कान गेलं त्याचं काय न्हाई रं. पाठ हाय तवर इठ्ठल ऐकू येतोय.”

ताडपत्रीच्या मंडपाला खांब असतात, पण पोकळ पाइपांचे. आत्याने एकदा जाऊन पाइपाला पाठ लावून पाहिली. वाऱ्याने ताडपत्री फडफडली तेवढी तिच्या पाठीला कळली.

सप्ताहाआधीच्या बैठकीला ती काठी टेकत आली आणि पायरीवर बसली.

“आबा, मला आत बसू द्या,” ती म्हणाली. “काल्याच्या दिशी तरी. म्होरल्या साली मी असंन का नसंन.”

आबा तोंडासमोर हात हलवून मोठ्याने म्हणाले, “आत्या, आत फक्त दप्तर! माणसांना न्हाई!”

“काय न्हाई?”

“माणसं न्हाईत!”

“ते दिसतंय मला.” आत्याने आत कपाटांकडे पाहिले. मग ती अशी काही तडकली की चपला समितीचे लोक चपला घालून तयार झाले. “कागदाला छप्पर हाय, कपाट हाय, हळद-कुकू हाय! अन् मानसानं उनात बसायचं व्हय रं? आँ? मग मला बी मारा तुमचा शिक्का अन् ठिवा कागदांच्यात! मी बी जुनीच हाय. मला बी वाळवी लागलीय.”

लोक हसले. आबांनी मान खाली घातली. अमृतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि हे सगळे शब्दशः लिहून घेतले.

“अर्ज रीतसर आहे,” ते म्हणाले.

“कसला अर्ज?” आबांनी विचारले.

“आत्यांनी दप्तरात समाविष्ट करून घेण्याची विनंती केली आहे. साक्षीदार हजर आहेत. नियमात ‘कागद’ म्हटलंय खरं, पण कचेरीत आम्ही ताडपत्रं घेतली, ताम्रपट घेतला. एकदा तर कापडाचा नकाशा घेतला. पदार्थ कोणता हे बघायचं नसतं. माथ्यावर श्रीकार आहे की नाही, एवढंच बघायचं.”

इतका निर्दोष मुद्दा गुंजेवाडीत त्याआधी कुणी मांडला नव्हता. फक्त एक शंका आली: दप्तरात गेली तरी आत्या खांबाला टेकणार, म्हणजे पाठ उत्तरेच्या कपाटाकडे होणार, त्याचे काय? अमृतरावांकडे उत्तर तयार होते. कपाटात कागद एकमेकांकडे पाठ करूनच असतात. कागदाने कागदाकडे पाठ करण्यात दोष नाही. दोष माणसाने केली तर.

ठराव मंजूर झाला. अमृतरावांनी ‘॥ श्री ॥ आवक’ हा रबरी शिक्का निळ्या शाईत बुडवला. हातावर मारावा तर आत्या भांडी घासते, पायावर तर बोलायलाच नको. शेवटी शिक्का असतो तिथेच, म्हणजे माथ्यावर मारायचे ठरले.

“बुक्क्याच्या वर मार रं बाबा,” आत्या कपाळ पुढे करून म्हणाली. “बुक्का पुसू नगंस.”

तिला आवक क्रमांक मिळाला. विषय: ‘संकीर्ण’. ती उठली, सभामंडपात गेली, आपल्या खांबाला पाठ लावून बसली आणि वाट पाहू लागली.

बराच वेळ तिने वाट पाहिली. मग हाक मारली, “आरं, वाजवा की!”

तेव्हा गावाच्या लक्षात आले, की खांब आत आहे, आत्या आत आहे, आणि पखवाज बाहेर. बाहेरच्या मातीतून आतल्या फरशीत थाप येत नाही.

अमृतराव म्हणाले, पखवाज ही वस्तू आहे. त्याच्या मधल्या काळ्या शाईवर श्रीकार काढल्यास तो दप्तरात घेता येईल. गहिनीनाथने पखवाज छातीशी धरला. “शाईला हात लावायचा न्हाई कुनी! काढायचं तर खोडावर काढा. अन् पखवाज आत गेल्यावर मी काय भाईर मांडी बडवू व्हय?”

“तुम्ही त्याचं सहपत्र,” अमृतराव म्हणाले. मुख्य कागदाला जोडून जो कागद येतो त्याला कचेरीत सहपत्र म्हणतात, आणि त्याला वेगळी मंजुरी लागत नाही.

हा शब्द गावाला फार आवडला. सप्ताह सुरू झाला. पखवाजाला गहिनीनाथ जोडला होता. टाळांच्या साथीशिवाय पखवाजाचा अर्थबोध होत नाही, म्हणून टाळकरी ही पखवाजाची पुरवणी ठरली. वीणा तर पहाऱ्यावर अखंड उभी; ती आत आली तशी वीणा धरणाऱ्यांची अख्खी वाटणी आत आली. यंदा साऱ्या सप्ताहाचे बुवा एकच, बेलापूरचे. पहिल्या दिवशी त्यांना बाहेर ताडपत्रीखाली एकट्याला उभे करून साथसंगत आत ठेवली, तेव्हा त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले आणि मग शांतपणे पायऱ्या चढून कपाळ अमृतरावांपुढे केले. “मारा,” ते म्हणाले. “तेहतीस वर्षं देवाच्या दारात उभा आहे, अजून पोच मिळालेली नाही. तुमची तरी मिळू दे.”

बुवा आत गेल्यावर श्रोते बाहेर कशाला बसतील? जो तो आपण कुणाचे सहपत्र हे शोधून शिक्क्यापुढे कपाळ करू लागला. बायका आत्याचे सहपत्र म्हणून गेल्या. पोरे बायकांची. पंगत समितीने आमटीच्या वासावरून बुवांशी संबंध सिद्ध केला. फैयाज दाराशी अँप्लिफायर घेऊन बसला होता; अमृतराव शिक्का घेऊन त्याच्यासमोर अडखळले.

“अमृतकाका, अँप्लिफायरवर मारा,” फैयाज म्हणाला. “मी त्याचं सहपत्र. अब्बांपासून त्यालाच तर जोडलेला हाय.”

अँप्लिफायर आत आला. त्याच्यामागे फैयाज, त्याच्यामागे वायर.

चौथ्या दिवशी सभामंडपात तीळ ठेवायला जागा उरली नाही. अभिलेख कक्ष गच्च भरल्यास काय करावे याचा नियम अमृतरावांना पाठ होता: चालू दप्तर आत, बंद दप्तर बाहेर. आत कोण चालू आणि कोण बंद, याची त्यांनी बुवांचे निरूपण चालू असताना पाहणी केली. माणसे टाळ्या वाजवत होती, डुलत होती, एक-दोन घोरत होती. पण चालू होती यात शंका नव्हती. कपाटे बंद होती. काहींच्या तर किल्ल्याही सापडत नव्हत्या.

पाचव्या दिवशी फैयाज आणि गावच्या तरण्यांनी सगळी कपाटे उचलून बाहेर ताडपत्रीखाली नेली. आवाराच्या बाहेर नाही. नियम मोडलेला नाही. तिथे श्रोत्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर ती रांगेने, देवळाकडे तोंड करून उभी केली. सप्ताहाच्या अहवालात (तो मीच लिहितो) लिहिले आहे: ‘बाह्य मंडपातील उपस्थिती: कपाटे अकरा. शिस्त उत्तम. कुणीही मधे उठून गेले नाही.’ बेलापूरचे बुवा निघताना ती रांग पाहून म्हणाले, असे श्रोते त्यांना नवे नाहीत.

काल्याच्या सकाळी मी आत्याच्या समोर बसलो होतो. गवळणी झाल्या, बुवांनी उपरणे कमरेला गुंडाळले, टाळ चढले. गहिनीनाथने डोळे मिटले. नामाचा गजर उठला आणि मी बुवांकडे पाहायचे सोडून आत्याकडे पाहत राहिलो. निळा श्रीकार घामाने ओघळून बुक्क्यात उतरला होता. पाठ खांबाला चिकटलेली. तिचे ओठ हलत होते, आणि गजरात आम्ही जिथे ‘विठ्ठल’ म्हणत होतो, तिथेच, थोडेसे आमच्या आधी, तिचे ओठ ‘विठ्ठल’ म्हणत होते. मला पुढचे काही दिसेनासे झाले, म्हणून अहवालातील तेवढा भाग कोरा आहे.

दहीहंडी फुटली. काला झाला. बाहेर पंगतीची पाने मांडली गेली, आमटी वाढणारे हाका मारू लागले, आणि सगळे उठले तेव्हा अमृतराव दारात आडवे उभे.

“कुठं निघालात?”

“जेवायला! अन् मग घरी,” आबा म्हणाले.

“पंगत आवारात आहे, तिथवर हरकत नाही. घर आवाराबाहेर आहे.” अमृतरावांनी ठराव वाचून दाखवला. (आधीच्या रात्री लोक घरी जात तेव्हा ते आत दप्तर लावत बसलेले असत, म्हणून हे त्यांना आजच दिसले.) श्रीकार असलेला काहीही. आणि जावक वही तर उपसमितीने ठेवलेलीच नव्हती, कारण काही बाहेर जाईल असे कुणाला वाटलेच नव्हते. “मग आमी काय इथंच ऱ्हायचं?” “शेळीला पानी कोन पाजील?” “कपाळ धुतो की!” असा एकच गलका झाला. कपाळ धुणे म्हणजे शासकीय... म्हणजे समितीच्या दप्तरात खाडाखोड, असे अमृतरावांनी बजावले. शिवाय धुणार कशाने, हे फैयाजने विचारले. टँकर परवा येणार होता.

तोडगा कानिफआबांनी काढला. त्यांच्या अध्यक्षपदाच्या कारकिर्दीतला हा एकमेव तोडगा. “अमृतराव, उसना द्या की,” ते म्हणाले. “कचेरीतला कागद कोर्टात नेत हुते का न्हाई? नेऊन परत आनत हुते ना? तसं समजा. आमी सगळी जनं घरी उसनी. म्होरल्या सप्ताहाला जमा.”

अमृतरावांनी डोळे मिटून विचार केला. नियमात बसत होते. त्या दिवसापासून गुंजेवाडीची सर्व माणसे देवळाची आहेत आणि आपापल्या घरी तात्पुरत्या वापरासाठी दिलेली आहेत. (हे बुवा गेली कित्येक वर्षे सांगत होते, पण त्यांनी ते लेखी दिले नव्हते.) एकेकाच्या नावापुढे परतीची तारीख पडू लागली.

आत्याची पाळी आली, तेव्हा ती खांबाजवळून उठायलाच तयार नव्हती. पोरींनी धरून उठवले. अमृतरावांनी परतीच्या तारखेचा रकाना भरायला तिला विचारले. तिने त्यांचे ओठ वाचले आणि हसली.

“ती तारीख तुमच्याकडं न्हाई लिवायची, भाऊ. ती त्याच्याकडं हाय,” असे म्हणून तिने विठ्ठलाकडे काठी दाखवली.

अमृतरावांनी रकाना कोरा सोडला. त्यांच्या हयातीत त्यांनी सोडलेला तो पहिला कोरा रकाना. नंतर ते पंगतीत आमटी-भाकरी जेवले.

कपाटे अजून ताडपत्रीखाली आहेत. आत आणायचा विषय प्रत्येक बैठकीत निघतो आणि पुढे ढकलला जातो, कारण दुसऱ्या खांबाशी रोज संध्याकाळी हरिपाठाला कुणीतरी बसलेले असते.

हे सगळे वाचून आपण गुंजेवाडीला हसला असाल, तर आनंद आहे. मात्र या लिखाणाच्या माथ्यावर मी श्रीकार काढला आहे, हे आपण पाहिलेच असेल. आता हा कागद आपल्याला फेकता येणार नाही, रद्दीत देता येणार नाही, त्यावर भजी घेता येणार नाहीत. आपण तो जपून ठेवाल; जिथे गणपती छापलेल्या जुन्या लग्नपत्रिका आहेत, गेल्या सालची पंचांगे आहेत, प्रसादाची रिकामी पाकिटे आहेत, त्या कोपऱ्यात, त्या ढिगावर. अवश्य ठेवा. फक्त ठेवताना एवढे आठवून पाहा, की हा ढीग येण्याआधी त्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, तुमच्या घरातले कोण बसत असे.